ओळख न दाखवण्याचा नियम

मी कौन्सेलर आहे आणि मला राग लवकर येतो. या दोन गोष्टी एका माणसात नांदू नयेत असं आमचा मॅनेजर कॉलिन समजतो. माझं म्हणणं असं की राग मी खोलीबाहेर ठेवून आत जाते. निदान फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारपर्यंत माझी तशी समजूत होती.

बर्मिंगहॅममधल्या एका विद्यापीठात मी अकरा वर्षं विद्यार्थ्यांचं कौन्सेलिंग करते आहे. त्याआधी नागपूरला शाळेत शिकवत होते. मग लग्न झालं, श्रीनिवासच्या नोकरीपायी इथे आले, तनिषा झाली, आणि ती शाळेत रुळल्यावर अडतिसाव्या वर्षी मी पुन्हा वही-पेन घेऊन वर्गात बसले. वर्गात मी सगळ्यात मोठी आणि सगळ्यात हुशार होते. हे मी नम्रपणे सांगत नाहीये, कारण पुढचा सगळा गोंधळ त्या हुशारीतूनच झाला.

जानेवारीत कॉलिनने बोलावून सांगितलं की मार्सियाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, ती दोन महिने नसेल, तेव्हा तिचा मंगळवारचा ग्रुप मी चालवावा. मार्सिया आमच्यातली सगळ्यात जुनी कौन्सेलर. जन्म इथल्याच हँड्सवर्थ भागातला, आईवडील जमैकाहून आलेले. विद्यापीठातल्या ब्लॅक मुलींसाठी हा ग्रुप तिने नऊ वर्षांपूर्वी जुन्या मॅनेजरशी भांडून सुरू केला होता. या मुली एकेकट्या कौन्सेलिंगला यायच्याच नाहीत. आल्याच तर एकदा येऊन "मी ठीक आहे" म्हणायच्या आणि परत फिरकायच्या नाहीत. मार्सियाच्या खोलीत मात्र त्या नऊ वर्षं येत होत्या.

मी कॉलिनला विचारलं, मीच का? तो म्हणाला, तूही मायनॉरिटीतलीच ना, तुला कळेल. जणू गोऱ्या नसलेल्या आम्ही सगळ्या बायका एकाच घरात वाढलो. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण ग्रुप मी घेतला. खरं सांगायचं तर मला मार्सियाचा जरा हेवाच वाटायचा.

ऑपरेशनच्या आधी तिने मला कॉफी प्यायला नेलं. सांगण्यासारखं तिच्याकडे फार काही नव्हतं. आधी प्रत्येकीच्या आईची चौकशी कर, म्हणाली. काहीतरी खायला ने. आणि त्यांना घाई करू नकोस. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि मनात म्हटलं, ही काय पद्धत झाली? कौन्सेलिंगच्या खोलीत आपण खाणंपिणं नेत नाही आणि कुणाच्या आईला आपणहून मध्ये आणत नाही. मी माझ्या पद्धतीने करायचं ठरवलं.

पहिल्या मंगळवारी सहाजणी आल्या. मी खुर्च्या गोलात मांडल्या होत्या आणि ग्रुपच्या नियमांचा छापील कागद प्रत्येकीच्या खुर्चीवर ठेवला होता. मला वैजयंती म्हणा, असं सांगितलं, म्हणजे मोठं-लहान राहणार नाही. मग कागदावरचे नियम वाचून दाखवले. इथलं इथेच राहील. कुणी कुणाचं तोडून बोलणार नाही. सहावा नियम असा होता की आपली बाहेर कुठे गाठ पडली तर कौन्सेलर आपणहून ओळख दाखवणार नाही. हा नियम आमच्या धंद्यात सगळीकडे आहे आणि त्यामागे चांगलं कारण आहे. तुमच्याबरोबर नवरा असेल, आई असेल, मैत्रीण असेल. मी हात केला तर ती विचारणार, ही कोण? मग तुम्ही काय सांगणार? मी चार मिनिटांत सगळं वाचून संपवलं. कुणाला काही शंका? सहाजणींनी माना हलवल्या. सगळं सुरळीत चाललंय असं मला वाटलं.

त्यांच्यातल्या तिघी इथे महत्त्वाच्या आहेत. शनिस कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती, हँड्सवर्थचीच, जमैकन आजीने वाढवलेली. जिभेला धार. इफेओमा नायजेरियाहून मास्टर्स करायला आलेली, वयाने मोठी, बोलायला लागली की खुर्चीतल्या खुर्चीत सरसावून बसायची. आणि अबेना. तिचे आईवडील घानाचे, पण ती इथेच जन्मली आणि वाढली. सुईणीच्या कोर्सच्या तिसऱ्या वर्षाला होती. दोन आठवडे ती एक शब्द बोलली नाही, फक्त इतरांना टिश्यूचा डबा द्यायची. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, की या मुली मला कुठल्याच नावाने हाक मारत नाहीत. माझं नाव कठीण पडत असेल असा मी अर्थ लावला.

तिसऱ्या मंगळवारी अबेना बोलली. डिसेंबरमध्ये ती एका हॉस्पिटलच्या प्रसूतिगृहात प्रॅक्टिकलला होती. तिथे एक बांगलादेशी बाई तीनदा वेदनेचं औषध मागत होती आणि अबेनावर देखरेख करणारी सीनियर सुईण म्हणाली, या बायका आरडाओरडा जास्तच करतात. अबेना म्हणाली, ती ओरडत नाहीये, ती मागते आहे, आणि हे तिसऱ्यांदा आहे. तेवढंच. त्या सीनियरबाईंनी रिपोर्टमध्ये लिहिलं की या विद्यार्थिनीचा सूर आक्रमक आहे आणि ती वरिष्ठांचं ऐकत नाही. त्यावरून विद्यापीठाने चौकशी लावली होती. ही मुलगी सुईण व्हायला योग्य आहे की नाही, हे तीन माणसांची समिती ठरवणार होती. तारीख सोमवार, चोवीस फेब्रुवारी.

"मी घरी सांगितलेलं नाही," अबेना म्हणाली. "आईला वाटतं मी उन्हाळ्यात पास होणार."

तिच्यापुढे दोन वाटा होत्या. चौकशीला सामोरं जायचं, किंवा आदल्या शुक्रवारी चार वाजायच्या आत कोर्स सोडल्याच्या फॉर्मवर सही करायची. सही केली की चौकशी आपोआप बंद, नावावर डाग नाही, पण तीन वर्षंही गेली. शनिस तिथल्या तिथे म्हणाली, सही करायची नाही, मी तुझं निवेदन लिहायला बसते. इफेओमाने तिचा हात धरला. निघताना अबेना माझ्याकडे पाहून पहिल्यांदा हसली. घरी जाताना बसमध्ये मला फार बरं वाटत होतं. माझ्याच्याने हे होतंय, असं.

त्यानंतरच्या शनिवारी मी गावातल्या उघड्या बाजारात भाजी घ्यायला गेले. भेंडी निवडत होते. मान वर केली तर समोरच्या गाड्यापाशी अबेना, आणि तिच्या शेजारी तिच्याच चणीची, तिच्याच कपाळाची एक बाई. आई, हे सांगायला नको होतं. अबेनाने मला पाहिलं. तिचा चेहरा खुलला, तिने आईच्या दंडाला हात लावून काहीतरी सांगितलं, आणि आई माझ्याकडे वळली. ती हसण्याच्या बेतात होती. माझ्या मनात तेव्हा एकच विचार आला. आईला काही माहीत नाही. आता ही विचारेल, या कोण? आणि पोरगी अडकेल. मी झटकन मान फिरवली, भेंडीची पिशवी तशीच टाकली आणि माशांच्या गल्लीत शिरले. मला वाटलं, मी पोरीला वाचवलं.

मंगळवारी अबेना आली नाही. सहापैकी दोघीच आल्या, शनिस आणि इफेओमा, आणि कोट न काढता बसल्या. मी विचारलं, बाकीच्या कुठे आहेत? शनिस म्हणाली, बाकीच्यांना यायचं नाहीये. आम्ही तेवढं सांगायला आलो. मग तिने शनिवारची गोष्ट मला माझ्याच तोंडावर सांगितली. अबेना आईला म्हणाली होती, त्या बघ, माझ्या विद्यापीठातल्या मॅडम, माझ्याशी फार चांगल्या वागतात. आणि मॅडमनी तोंड फिरवलं.

मी नियम सांगितला. सहावा नियम, पहिल्या दिवशी वाचला होता, तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. माझा आवाज चढला होता हे मला कळत होतं.

इफेओमा म्हणाली, "मोठं माणूस कागद वाचत असताना आम्ही मानाच हलवतो. आमच्याकडे एखाद्या मावशीने रस्त्यात तोंड फिरवलं ना, तर घरी बैठक बसते. या पोरीने असं काय केलं, की मोठ्या बाईने तिचा नमस्कारही घेतला नाही?"

अबेनाच्या घरी तेच झालं होतं. बाजारातून घरी आल्यावर आईने विचारलं होतं, तू काय केलंयस? अबेना म्हणाली, काही नाही. आईचा विश्वास बसला नाही. ज्या एका घरात मुलीवर संशय नव्हता, तिथे तो मी नेऊन ठेवला होता.

"आणि दुसरंही आहे," शनिस म्हणाली. "तुमच्या वयाच्या इंडियन बायका दुकानात आम्हाला बघून पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतात. ते बघणं आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. अबेनाला वाटलं, तुम्ही वेगळ्या आहात."

मी म्हणू शकले असते की माझं बघणं तसं नव्हतं, आणि शनिवारी ते नव्हतंच. पण या देशात आले त्या पहिल्या वर्षी मी पर्स दुसऱ्या खांद्यावर घेत होते. कुणी शिकवलं नव्हतं, कुणी हटकलंही नव्हतं. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात आजही काही लोक ब्लॅक माणसांबद्दल जे बोलतात ते मी ऐकून घेते आणि पोह्यांची बशी उचलून दुसरीकडे जाते. मला लाज वाटली. साधीसुधी नाही, कान गरम होतात तशी. मी त्यांना म्हटलं, तुमचं बरोबर आहे. दोघी उठल्या. दारातून शनिसने सांगितलं की अबेनाने कोर्स सोडायचा फॉर्म मागवलाय.

घरी आल्यावर मी श्रीनिवासवर चिडचिड केली, म्हणजे नेहमीसारखी सुरुवात केली. नाव-गाव न सांगता एवढंच म्हटलं की नियमाप्रमाणे एका मुलीला बाहेर, तिच्या आईसमोर, ओळख दाखवली नाही तर आता सगळ्या जणी मला पाण्यात पाहतायत, आणि इतक्या शिकलेल्या मुलींना एवढं कळू नये का. श्रीनिवास भांडी डिशवॉशरमध्ये लावत होता. तो म्हणाला, "मंडळातल्या अर्चनाशी तू का बोलत नाहीस गं?"

मी म्हटलं, तिचा इथे काय संबंध?

"दिवाळीच्या फंक्शनला ती हॉलच्या दारात तुझ्याकडे न बघता पुढे गेली. चार वर्षं झाली. तिचा काँटॅक्ट लेन्स पडला होता, तिने तुला दोनदा मेसेज करून सांगितलं. तू अजून घरात तिच्या पोराच्या मुंजीचा विषयही काढू देत नाहीस."

तनिषा जिन्यावरून हसली. ती इथेच वाढलेली, तिचं मराठी तिच्या सोयीचं असतं. "मम्मा, तू तर ग्रज धरून ठेवायची चॅम्पियन आहे. त्या मुलीचा आई पण तसाच असेल ना."

मला दोघांचाही राग आला, कारण दोघंही बरोबर होते. जी गोष्ट मला नागपूरच्या घरात न शिकवता येत होती, ती अकरा वर्षांच्या नोकरीत मी पद्धतशीर विसरले होते. दारात दिसलेल्या माणसाला "या" म्हणायचं असतं. मुलांना आम्ही आधी बोलायला शिकवतो ते मोठ्यांना नमस्कार करण्यासाठीच. आणि मी एका आईसमोर तिच्या मुलीचा नमस्कार टाकून दिला होता.

बुधवारी सकाळी मार्सियाला फोन केला. ती पाय उशीवर ठेवून टीव्ही बघत होती. मी सगळं सांगितलं. तिने टीव्ही बंद केला. मग म्हणाली की तो कागद ती कधी वाचतच नाही. ती पहिल्या दिवशी प्रत्येकीला विचारते, बाहेर भेटलो तर मी कशी हाक मारू? आणि बरोबर कुणी असेल तर मी कोण आहे म्हणून सांगायचं? कुणी म्हणतं चर्चमधली आंटी, कुणी म्हणतं लायब्ररीतली. एकीने सांगितलं होतं, मला ओळखूच नका, तर तिला ती ओळखत नाही. नियम तोच आहे, पण तो त्यांच्याकडून येतो.

"हे तू मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"मला वाटलं तुम्हा लोकांना हे माहीत असतं."

माहीत असतं, मी म्हटलं. तोच तर त्रास आहे. यावर ती हसली, आणि मग तिने मला चांगलं झापलं. माफी मागायचीय ना, तर माग, पण कौन्सेलरच्या भाषेत मागू नकोस. "तुला जे वाटलं त्याबद्दल मला वाईट वाटतं" असलं काही लिहिलंस तर मी कुबड्या घेऊन तिथे येईन.

मी अबेनाला मेल लिहिला. चारदा लिहिला, तीनदा खोडला. शेवटी एवढंच राहिलं: शनिवारी मी तुला पाहिलं आणि तोंड फिरवलं. तुला जपावं म्हणून फिरवलं, पण ते चूक होतं. तुझ्या आईसमोर मी तुझा अपमान केला. माझ्याकडून चूक झाली, तुझ्याकडून नाही. तू जे ठरवशील ते ठरव, पण माझ्यामुळे सही करू नकोस.

दिवसभर उत्तर नाही. मी दर दहा मिनिटांनी मेल बघत होते, समोर बसलेल्या विद्यार्थ्यांकडे माझं निम्मंच लक्ष होतं. दुपारी उशिरा दोन ओळी आल्या. तुम्ही हे मला लिहिलंत. माझ्या आईला सांगाल का? उद्या साडेतीनला तिची शिफ्ट संपते.

आता हे आमच्या कामात बसत नाही. क्लायंटच्या घरच्यांना आपण भेटत नाही. मी कॉलिनकडे गेले. तो नाही म्हणाला, मग बाउंडरीज म्हणाला, मग पुस्तकात काय आहे ते म्हणाला. मी त्याला सांगितलं की गुप्तता त्या मुलीची आहे, माझी नाही. ती स्वतः मागते आहे, लेखी मागते आहे, आणि मी उद्या साडेतीनला जाणार आहे, तू फाइलमध्ये काय लिहायचं ते लिही. खोलीबाहेर ठेवलेला राग कधीकधी उपयोगी पडतो. कॉलिनने चष्मा पुसला आणि म्हणाला, मग निदान नोंद नीट कर.

अबेनाची आई, कॉम्फर्ट बोआटेंग, शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये हेल्थकेअर असिस्टंट होती. रुग्णांना उठवायचं, पुसायचं, खायला घालायचं, असं काम. गुरुवारी तिची शिफ्ट संपल्यावर कँटीनमध्ये भेटायचं ठरलं होतं. मी पोचले तेव्हा त्या दोघी भिंतीलगतच्या टेबलाशी बसल्या होत्या. अबेना माझ्याकडे बघत नव्हती. आई बघत होती, आणि यावेळी ती हसण्याच्या बेतात नव्हती.

मी उभी राहूनच बोलले. "मिसेस बोआटेंग, माझं नाव वैजयंती. शनिवारी बाजारात मी तुम्हाला दोघींना पाहिलं आणि नमस्कार न करता निघून गेले. ही माझी चूक होती. तुमच्या मुलीने काहीही वाईट केलेलं नाही. ती चांगल्या घरची मुलगी आहे आणि मीच वळण नसल्यासारखी वागले. मला माफ करा."

कॉम्फर्टने मला नीट न्याहाळलं. मग उठली, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि मला बसायला सांगितलं. मी कशी आहे ते विचारलं. माझे यजमान कसे आहेत, मुलं किती, आईवडील आहेत का. मी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं आणि तिला तेच विचारलं. पाच-सात मिनिटं हेच चाललं होतं, आणि माझ्या लक्षात आलं की मार्सियाने सांगितलेली पद्धत ती हीच. अबेनाचे खांदे हळूहळू खाली आले.

मग कॉम्फर्ट म्हणाली, "तुम्ही माझ्या मुलीला कुठून ओळखता?"

मी उत्तर दिलं नाही. ते माझं उत्तर नव्हतं. मी अबेनाकडे पाहिलं.

अबेनाने सगळं सांगितलं. ती बांगलादेशी बाई, रिपोर्टमधला तो शब्द, चौकशी, आमचा ग्रुप, आणि पर्समधला फॉर्म. फॉर्म तिने टेबलावर ठेवला. सांगताना ती रडली नाही, फक्त शब्दांच्या मध्ये फार वेळ घेत होती, आणि आम्ही दोघींनी तिला घाई केली नाही. मला भीती होती की आई आता चिडेल. मला माझ्या आईचा अनुभव होता. लपवलं का, म्हणून आधी एक ऐकवलं असतं आणि मग जवळ घेतलं असतं.

कॉम्फर्टने फॉर्म उचलला, चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचला.

"हा कागद मला माहीत आहे," ती म्हणाली. "रंग वेगळा होता."

अबेनाला कळलं नाही. मलाही नाही.

"मी नर्सिंगला होते. दीड वर्ष झालं होतं. तू झालीस म्हणून मी शिक्षण सोडलं असं मी तुला सांगितलं ना? तू तेव्हा पोटातही नव्हतीस. माझ्याबद्दलही लिहिलं होतं. उर्मट. वॉर्डातल्या सिस्टरला मी म्हणाले होते, त्या म्हाताऱ्याला पाणी द्यायचं राहिलंय. मला बोलावलं, समोर कागद ठेवला, आणि म्हणाले, सही केलीस तर कुणाला काही कळणार नाही. मी सही केली. खरंच कुणाला काही कळलं नाही."

तिचा नवरा वारला तेव्हाही त्याला ते माहीत नव्हतं. तेवीस वर्षं ती त्याच वॉर्डांमधून फिरत होती, नर्सच्या हाताखाली, आणि मुलीला सांगत होती की तुझ्यासाठी मी शिक्षण सोडलं. हे सांगताना तिचा आवाज अगदी साधा होता. अबेनाने आईकडे असं पाहिलं, जसं आपण घरातल्या माणसाला पहिल्यांदा बघतो. मी दुसरीकडे बघायला हवं होतं की नाही, मला माहीत नाही. मी नजर वळवली नाही. मी रडत होते, आणि कौन्सेलरने क्लायंटसमोर रडावं की नाही याचाही एक नियम आहे.

कॉम्फर्टने फॉर्म फाडला नाही. ती तशी बाई नव्हती. तिने त्याची घडी घातली, मुलीपुढे सरकवला आणि म्हणाली, "सही तुझी आहे. मी करायला सांगणार नाही आणि करू नको म्हणणार नाही. पण मी केली ती चूक होती, हे तुला आज कळलं. सोमवारी किती वाजता आहे?"

"दहा," अबेना म्हणाली.

"मी रजा टाकते."

शुक्रवारी चार वाजून गेले. फॉर्म आला नाही असं कोर्सच्या ऑफिसातून कळलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्याच संध्याकाळी, अबेनाने बोलावलं म्हणून, ग्रुपच्या खोलीत सहाच्या सहाजणी जमल्या होत्या. शनिस लॅपटॉप घेऊन निवेदन टाइप करत होती आणि प्रत्येक वाक्याला अबेनाला विचारत होती, हे असंच झालं का? की तू त्यांना बरं वाटावं म्हणून मऊ करते आहेस? मी ढोकळा नेला होता. इफेओमाने तीन तुकडे खाल्ले आणि मला विचारलं, आम्ही तुम्हाला आंटी म्हटलं तर चालेल का? इतके दिवस मोठ्या बाईचं नाव घेववत नाही म्हणून आम्ही काहीच म्हणत नव्हतो. मी म्हटलं, चालेल. मग प्रत्येकीने मला सांगितलं की बाहेर भेटलो तर काय करायचं. शनिस म्हणाली, मला लांबून हाक मारायची, आणि जोरात.

सोमवारी चौकशीच्या खोलीत अबेनाबरोबर एकालाच जाता येणार होतं. स्टुडंट युनियनच्या सल्लागारबाई गेल्या. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आम्ही आठजणी होतो: पाच मुली, कॉम्फर्ट, मी, आणि मार्सिया, जी डॉक्टरांना न विचारता टॅक्सी करून आली होती. कॉम्फर्टने चर्चला घालायचा निळा ड्रेस घातला होता. समितीतले एक गृहस्थ पाणी घ्यायला बाहेर आले, आमच्याकडे बघून बिचकले आणि पाणी न घेताच आत गेले.

सव्वा तास झाला. आतून अबेनाचा आवाज मधूनमधून येत होता, शब्द कळत नव्हते, पण तो थांबत नव्हता. दार उघडलं तेव्हा ती आधी आईकडे गेली.

"सगळं सांगितलंस?" कॉम्फर्टने विचारलं. काय निकाल लागला, हे तिने विचारलं नाही.

"सगळं," अबेना म्हणाली.

निकाल सल्लागारबाईंनी सांगितला. चौकशी बंद. वागण्यात दोष आढळला नाही. उरलेलं प्रॅक्टिकल दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये होईल, आणि त्या रात्री त्या बांगलादेशी बाईला औषध का मिळालं नाही, याची आता वेगळी विचारणा होईल. शनिसने भिंतीवर हात आपटला. इफेओमाने कॉरिडॉरमध्येच गाणं सुरू केलं आणि पलीकडच्या ऑफिसातून कुणीतरी डोकावून गेलं. मुली अबेनाभोवती गोळा झाल्या. मार्सियाला खुर्चीतून उठता येईना म्हणून ती मलाच मिठीत घेऊन बसली.

कॉम्फर्ट माझ्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. ती मुलींकडे बघत होती. मग तिने खालच्या आवाजात विचारलं, "तुमच्या या ग्रुपला वयाची अट आहे का?"

मी मार्सियाकडे पाहिलं. मार्सिया म्हणाली, वयाची नाही. पण या विद्यापीठाची विद्यार्थिनी असावं लागतं.

कॉम्फर्टने मांडीवरच्या पर्सची चेन उघडली, आतला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि उभी राहिली.

"मग नर्सिंगच्या ॲडमिशनचा फॉर्म कुठे मिळतो, ते दाखवा," ती म्हणाली.

ते ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. मी तिला घेऊन गेले.